खव्याच्या घरातली बिनदुधाची सून

मी दूध सोडलं तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि लग्न होऊन गेले ती थेट खव्याच्या घरात.

माझं माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेला. वडलांचं किराणा दुकान होतं. घरात वडलांशी कानडी बोलायचं, आईशी मराठी, आणि गिऱ्हाइकाशी त्याला जी कळेल ती. आमची एक म्हैस होती. एका उन्हाळ्यात तिचं रेडकू मेलं आणि ती पान्हा सोडेना. मग गड्यानं रेडकाचं कातडं काढलं, त्यात कडबा भरला आणि चार काटक्यांच्या पायांवर ते तिच्यापुढं उभं केलं. म्हैस ते चाटायची, आणि चाटता चाटता दूध द्यायची. मी गोठ्याच्या दारात उभी राहून ते पाहिलं. त्या संध्याकाळी माझ्यापुढं दूधभात आला, तो घशाखाली उतरला नाही. आईला वाटलं, चार दिवसांचं आहे. चार दिवसांत ताक सुटलं, दही सुटलं, महिन्याभरात तूपही सुटलं. मांस-अंडं तर आमच्या लिंगायतांच्या घरात कधी नव्हतंच. हल्ली माझी नात सांगते की अशा खाण्याला आता नाव आहे, 'व्हीगन' म्हणतात. तेव्हा नाव नव्हतं. आई म्हणायची, 'आमच्या पोरीचं येड.'

भूमचं स्थळ आलं तेव्हा ही गोष्ट कुणी बोललं नाही. वडील आईला म्हणाले, "सासरी गेली की सुटंल."

निजामाच्या राज्याचं विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली होती. एसटीच्या गाड्या नुकत्या सगळीकडं जायला लागल्या होत्या. लग्नानंतर आम्ही गाडी बदलत बदलत भूमला उतरलो, आणि घराच्या अलीकडच्या गल्लीतच मला आटत्या दुधाचा वास आला. अंगणात तीन भट्ट्या होत्या. सगळा भाग कोरडवाहू, ज्वारीचा आणि जनावरांचा. एवढं दूध ताजं ताजं कुठं नेणार, म्हणून आसपासची माणसं सकाळी घागरी-कॅनी घेऊन आमच्याकडं यायची, आणि दुपारपर्यंत त्याचा खवा व्हायचा. सासरे स्वतः मधल्या कढईपाशी उभे राहायचे, हातात लांब दांड्याचं उलथनं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मीही तसंच म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी कढईतला गरम खवा साखर घालून माझ्या हातावर ठेवला. "खा. तोंड गोड कर."

मी तो पदराच्या टोकात बांधला आणि खाल्ल्यासारखं तोंड हलवलं. तीन-चार दिवस असंच चाललं. पण खव्याला तूप सुटतं. पदराला डाग पडले, आणि पाचव्या दिवशी लुगडं धुताना आत्याबाईंनी मला पकडलं.

"ह्ये काय?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं खाणं तुला रुचंना व्हय?"

"मी दूध खात न्हाय," मी म्हणाले.

"व्रत हाय का? कुठल्या देवाचं?"

"कुठल्याच न्हाय."

हे त्यांना समजेना. देवाचं असतं तर त्यांनी उद्यापनाची तिथी विचारली असती. त्यांनी मामांना हाक मारली. मामा हात पुसत आले, ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "सांग."

मी खाली मान घालून म्हशीचं सगळं सांगितलं. ज्या घरात तीन भट्ट्या दुधावर पेटतात, तिथं हे सांगायचं होतं. मामांनी ऐकून घेतलं. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, मोजकं बोलायचे.

"ते तसलं रेडकू म्या बी पाहिलंय," ते म्हणाले. "लई ठिकाणी करतेत." मग म्हणाले, "आपलं पोट दुधावर हाय, पोरी. भट्टी काय बंद व्हायची न्हाय. पर तुझ्या तोंडात कुणी घालणार न्हाय. पदरात बांधू नको, आन वाया घालवू नको. नको असलं तर नको म्हण."

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या भाकरीवर करडीचं तेल घातलं, शेंगाच्या कुटावर ओततात तसं सढळ हातानं, आणि म्हणाल्या, "तुपाबिगर हाडं धरायची कशी तुझी, शिवालाच ठावं." मला कोरा चहा त्या स्वतः करून द्यायच्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली की माझा वाटा दूध घालण्याआधी काढून ठेवायच्या.

आता खरी अडचण सांगते. मला गोड फार आवडायचं. घरात पुरणपोळी होती, ती मी आमटीबरोबर खायचे. गुळाची हुग्गी होती. पण माझा जीव बाजारातल्या गोडावर. जिलबी, बुंदी, गुडीशेव, बत्तासे, रंगीत गोळ्या. आणि बाजारातलं गोड म्हणजे दुसऱ्याच्या घरातली कढई. जिलबीच्या पिठात दही आहे का? बुंदी कशात तळली? बिस्किटात काय काय असतं? दुकानदाराला विचारलं तर त्याला वाटायचं, बाई खोड काढते. तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "शुद्ध तूप हाय बगा, वैनी," आणि मी आशेनं पुढं केलेला हात मागं घ्यायचे.

बत्तासे तेवढे बिनधोक, असं माझं मत होतं. नुसती साखर आणि पाणी, त्यात लपणार काय? दर बाजाराच्या दिवशी मामा ओट्यावर येऊन बसत आणि कागदाची पुडी माझ्यापुढं करत. "घे, तुझं." मी तिथंच एक तोंडात टाकायचे. तो जिभेवर विरघळेपर्यंत मामा माझ्याकडं बघत बसायचे, मग उठून भट्टीकडं जायचे. असं दोन वर्षं चाललं.

मधल्या काळात धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. कळंबच्या धान्याच्या व्यापाऱ्याचं घर होतं. लग्न आमच्याकडंच होतं आणि मुलाकडच्यांनी बोलणीत सांगितलं होतं, जेवण साजूक तुपातलं पाहिजे. मामांनी तसा शब्द दिला. आचारी बाहेरून बोलावला होता. आदल्या दिवशी सकाळपासून मांडवामागं बुंदी पडायला लागली. तो वास, तो पिवळा ढीग! मी तीन वेळा काही ना काही निमित्तानं तिकडून गेले.

त्या सुमारास वनस्पती तूप खेड्यापाड्यांत पोचलं होतं. डब्यातलं, पांढरं, घट्ट. लोक त्याला नावं ठेवायचे आणि गुपचूप वापरायचे. मला मात्र ते आलं म्हणून बरं वाटलं होतं, कारण ते शेंगांच्या तेलाचं करतात असं माझ्या मिस्टरांनी वाचून सांगितलं होतं. मी आचाऱ्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, ह्ये तूप हाय का वनस्पती?"

त्याच्या हातातला झारा थांबला. "तूप हाय, वैनी. गाईची आन."

"वनस्पती असलं तर सांगा. मी कुणाला बोलत न्हाय."

"पोराबाळाची आन, तूप हाय."

मी निराश होऊन परतले. त्या मांडवात भेसळ असावी म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करणारी मी एकटीच असेन. तासाभरानं मामा मला शोधत आले. चेहरा उतरलेला.

"तू आचाऱ्याला काय इचारलीस?"

मी सांगितलं.

"त्यो माझ्या पाया पडायलाय. म्हणतोय, सूनबाईला सगळं कळलंय. तुपाचे दोन डबे त्यानं बाजूला दडवले आन वनस्पतीत बुंदी काढली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे बुंदी वनस्पतीतली हाय?"

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू आवरेना. मांडवामागं उभं राहून, उपरण्यात तोंड दाबून ते हसले. मुलाकडच्यांना दिलेला शब्द होता, त्यामुळं ती बुंदी लग्नात वाढता येईना. दडवलेलं तूप बाहेर आलं आणि आचाऱ्यानं नव्यानं बुंदी काढली. पहिला ढीग गावात, भट्टीवर दूध घालणाऱ्यांच्या घरोघरी पोचता केला. त्यातलं एक मोठं पातेलं आत्याबाईंनी आतल्या खोलीत माझ्यासाठी झाकून ठेवलं. नणंद सासरी गेली त्या दिवशी सगळं घर रडत होतं. मीही रडले, पण आतल्या खोलीत, बुंदी खात.

यानंतरची गोष्ट गुढीपाडव्याच्या आधीची. बत्तासे करणारा म्हातारा पाडव्याला साखरेच्या गाठीही करायचा. त्याचं घर वेशीजवळच्या बोळात होतं. आत्याबाईंनी मला गाठी आणायला पाठवलं. मी पहिल्यांदाच त्याच्या घरी गेले. तो चुलीपुढं बसला होता, कढईत पाक उकळत होता. मला म्हणाला, "बसा, वैनी. एवढा पाक उजळू द्या."

शेजारचा तांब्या उचलून त्यानं पाकात पांढरी धार सोडली. कढईत करडा फेस वर आला, तो त्यानं झाऱ्यानं काढून टाकला. खाली पाक काचेसारखा स्वच्छ झाला.

"काय घातलात?" मी विचारलं.

"दूध. त्याच्याबिगर मळी वर येत न्हाय. साखर काळपट ऱ्हाती."

"बत्ताशाच्या पाकात बी घालता?"

"घालावंच लागतंय," तो म्हणाला, आणि मोठ्या कौतुकानं पुढं म्हणाला, "दूध तुमच्याच भट्टीवरून येतंय की. तुमचे मामा देतेत, बाजाराच्या आदल्या दिवशी."

मी गाठी घेऊन घरी आले. रस्ता कसा संपला ते आठवत नाही. दोन वर्षं मी जे बिनधास्त खाल्लं ते हे होतं. आणि त्याहून, मामांना हे ठाऊक होतं. त्यांनीच तांब्या भरून दिला होता.

पुढच्या बाजारी मामांनी पुडी पुढं केली. मी ती घेतली आणि त्यांच्या पाण्याच्या तांब्याजवळ परत ठेवली.

मामांनी पुडीकडं बघितलं. "कळलं व्हय," ते म्हणाले.

"तुमाला कवापासून ठावं हाय?"

"पयल्या दिसापासून."

"मग सांगितलं का न्हाय?"

"पयल्या बाजारी तू खाल्लीस तवा तुझं तोंड बघितलं. म्हटलं, पुढच्या बाजारी सांगू. पुढच्या बाजारी बी तसंच झालं. मग सांगायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच." मग म्हणाले, "थेंबभर असतंय, पोरी. मळीबरोबर बाहीर जातंय."

"पर असतंय न्हवं?"

"व्हय. असतंय."

मी आत गेले. मला राग आला होता, आणि ज्याचा राग यावा तो माणूस असा की रागही नीट धरता येईना. त्यांनी मला फसवायला काही केलं नव्हतं, सुख द्यायलाच केलं होतं. पण माझ्या तोंडात काय जायचं हे माझ्याऐवजी त्यांनी ठरवलं होतं, तेच मला लागलं. तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मिस्टर म्हणाले, "एवढ्याशा थेंबाचं काय धरून बसलीस?" आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "तुझ्या खव्यात थेंबभर रॉकेल पडलं तर इकशील का?" त्या माझ्या बाजूनं बोलल्या ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

अमावस्येला आमची भट्टी बंद असायची. त्या अमावस्येला सकाळी उठून पाहते तर मामा अंगणात बसून सगळ्यांत लहान कढई राखेनं आणि चिंचेनं घासत होते. दोनदा घासली, तिसऱ्यांदा गरम पाण्यानं धुतली. शेजारी रानभेंडीच्या काड्यांची मोळी होती. ते आदल्या दिवशी एसटीनं कळंबकडं जाऊन आले होते. लेकीला भेटायला, असं आम्हाला सांगितलं होतं. खरं तर ते तिथल्या एका गुऱ्हाळावर गेले होते. गूळ करणारे मळी काढायला भेंडीचा चिकट रस घालतात, ते त्यांना बघायचं होतं.

"गुळाला चालतंय तर साखरेला का न्हाय?" ते मला म्हणाले. ते तीन आठवड्यांनंतरचं आमचं पहिलं सरळ बोलणं.

काड्या ठेचल्या, पाण्यात भिजवल्या, तो बुळबुळीत रस पाकात घातला. फेस वर आला, मामांनी तो काढला. पण रस जास्त झाला होता, पाकाच्या तारा दोरीसारख्या लोंबायला लागल्या. ती कढई वाया गेली. दुसऱ्या अमावस्येला पाक इतका आटला की कढईतच साखरेचा दगड झाला, तो फोडायला वरवंटा लागला. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "उभा जल्म खवा आटवला आन आता साखर आटवता येईना." चाळीस वर्षं ज्या हाताला उलथनं फिरवताच दूध कळायचं, तो हात पाकापुढं चाचपडत होता. मी जाळ कमी-जास्त करायला बसले होते.

तिसऱ्या खेपेला आम्ही बत्ताशेवाल्या म्हाताऱ्यालाच बोलावलं. तो आधी हसला, मग पाकाची तार दोन बोटांत धरून बघायला शिकवून गेला. खाण्याचा सोडा केव्हा टाकायचा, चादरीवर थेंब किती उंचीवरून सोडायचा, सगळं सांगितलं. त्या दिवशी बत्तासे जमले. पांढरे नव्हते, हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचे झाले. काही फुगले, काही बसले.

मामांनी एक माझ्या हातावर ठेवला. "ह्याच्यात काय काय हाय ते तू डोळ्यानं बघितलीस."

मी खाल्ला. "जरा पाल्यासारखा लागतोय," मी म्हणाले.

त्यांनीही एक तोंडात टाकला, चघळला. "लागतोय खरा."

आम्ही दोघांनी मिळून सात-आठ खाल्ले.

मला वाटलं होतं, आता सुटले. तर महिन्याभरात मिस्टर कुठून तरी ऐकून आले की काही कारखान्यांत साखर पांढरी करायला जनावराच्या हाडांचा कोळसा वापरतात. खरं की खोटं, आपल्याकडच्या कारखान्यात की विलायतेत, ते कुणालाच सांगता येईना. मी कपाळाला हात लावला. मामांना सांगितलं तेव्हा ते भट्टीपाशी होते. उलथनं न थांबवता म्हणाले, "त्या कारखान्यात जाऊन कढई घासायला काय मला जमायचं न्हाय."

मग थोड्या वेळानं मला जवळ बोलावून म्हणाले, "हे बघ. दुधाचं मला ठावं होतं आन मी लपवलं, ती माझी चूक. पर साखरेचं मला ठावं न्हाय, तुला न्हाय, त्या इकणाऱ्याला बी न्हाय. मग आता तू काय करणार?"

मी दोन दिवस विचार केला. घरात गोड करायचं ते गुळाचं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं, कारण गुऱ्हाळ जाऊन बघता येतं. मामा ज्या गुऱ्हाळावर गेले होते तिथूनच गूळ येऊ लागला. बत्तासे वर्षातून दोनदा, आमच्याच कढईतले, साखरेची शंका मनात धरून. आणि बाहेर कुणाच्या घरी गेलं तर एकदा विचारायचं, सरळ, आवाज न चढवता. उत्तर मिळालं तर बरं. ज्याचं उत्तर 'ठाऊक नाही' असेल ते बहुतेक वेळा नको म्हणायचं. पण कधी कधी खाल्लंही. एका दूध घालणाऱ्या बाईनं लेकाला तलाठ्याची नोकरी लागली म्हणून घरी केलेली शेंगदाण्याची वडी आणली होती. ती खाली ठेवून तिला प्रश्न विचारावेत असं मला वाटलं नाही. मी खाल्ली. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही. दुसऱ्या कुणी माझ्या जागी वेगळं केलं असतं, तेही मला चुकीचं वाटणार नाही.

एका नवरात्रानंतर आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. आत्याबाईंचं माहेरचं दैवत ते. दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर आलो, तर तिथल्या ओळखीच्या एका घरातल्या माउलीनं प्रत्येकाच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. माझ्याही ठेवला. ती समोर उभी होती, म्हातारी, प्रेमानं बघत. देवीचा प्रसाद, नाही कसं म्हणावं, आणि तोंडात कसा घालावा? माझ्या हातावर तो पेढा तसाच राहिला.

मामा शेजारी होते. खव्याच्या धंद्यातला माणूस, पेढा त्यांना वासानंही नको व्हायचा. सणावारीसुद्धा ते टाळायचे. त्यांनी आपला पेढा कपाळाला लावून कसाबसा खाल्ला होता. मग त्या म्हातारीला म्हणाले, "आमच्या सूनबाईचा प्रसाद मी घेत असतो. आमचं तसंच चालत आलंय." आणि माझ्या हातावरचा पेढा उचलून तोंडात टाकला.

म्हातारी समाधानानं पुढं गेली. मामांनी डोळे मिटून तो गिळला, आणि मला हळूच म्हणाले, "लई साखर घातलीय. आन खवा बी शिळा हाय. चल, पाणी कुठंय ते बघ."